देवपूरच्या तळघरातला बारोलो

११ मार्च

तळघर आज झाडून-पुसून मोकळं झालं. आमचं घर धुळ्याच्या देवपुरातल्या जुन्या वस्तीतलं. वरचं पांढऱ्या मातीचं धाबं जाऊन स्लॅब पडला त्याला कैक वर्षं झाली, पण खालचं तळघर आजोबांनी बांधलं तसंच आहे. दगडी भिंती, शहाबादी फरशी आणि गल्लीच्या अंगाला जमिनीलगत वीतभर झरोका. खोली आठेक फूट. पूर्वी इथे ज्वारीच्या कणग्या असत. आता पूर्वेच्या भिंतीला हिच्या लोणच्याच्या बरण्या आणि पश्चिमेच्या भिंतीला सागाच्या मांडणीत आडव्या ठेवलेल्या बाटल्या.

त्यातल्या जिवापाड जपलेल्या म्हणजे २०१६ च्या बारोलोच्या, इटलीतल्या लाल वाइनच्या. भाचा तिकडेच तुरिनला मोटारींच्या कामात इंजिनिअर आहे. एकाच पेटीतल्या काही बाटल्या त्याने तिथे आपल्या इमारतीच्या तळघरात ठेवल्या, आणि दर खेपेला सामानात दोन-दोन करून काही इथे आणल्या. पहिल्या दोघींनी इथले तीन उन्हाळे काढलेत. दिवाळीला तो येईल तेव्हा तिथली एक आणि इथली एक शेजारी शेजारी उघडायची असं ठरलंय. तोवर तळघराची नोंद ठेवायची.

कमाल-किमान तापमापी टांगला. शेजारी दोन साधे तापमापी, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, हवेतली आर्द्रता काढायला. आज आत २४, दुपारी ओसरीत ३७.

१७ मार्च

लाल वाइन १२ ते १४ अंशांत ठेवावी, असं जो तो सांगतो. हा आकडा आला कुठून, यावर आज दुपारभर विचार केला. वाइनच्या अंगात तो नाही. तो जमिनीतून आलाय.

हातभर खाली गेलं की मातीला दिवस-रात्र कळेनाशी होते. सात-आठ मीटर खाली उन्हाळा-हिवाळाही जवळपास कळत नाही, आणि माती वरच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीवर येऊन ठेपते. पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोल भुयारात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा तापमापी १७८३ मध्ये बसवला होता. पारा बाराच्या किंचित खाली, जवळजवळ हलायचाच नाही. तुरिन आणि बारोलोच्या मुलखातल्या आल्बाच्या बाजूची वर्षाची सरासरी तेराच्या आसपास. तिथल्या माणसाने जमिनीत खोल खड्डा खणला आणि बाटल्या ठेवल्या, की त्याला हवं ते फुकट मिळालं. पिढ्यान् पिढ्या त्या थंडाव्यात मुरलेल्या वाइनची जिभेला सवय झाली, आणि तोच आकडा ग्रंथांत गेला.

धुळ्याची सरासरी सव्वीस-सत्तावीस. मी विहिरीइतकं खोल गेलो तरी तळाशी मला सव्वीस-सत्तावीसच भेटणार. खान्देशात खोली स्थैर्य देते, गारवा देत नाही. गारवा दुसरीकडून आणावा लागेल.

९ एप्रिल, गुढीपाडवा

गुढी उभारल्यावर वरच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात सांजोव्हेजे या इटालियन द्राक्षाच्या लाल वाइनची एक बाटली मुद्दाम ठेवली. पश्चिमेची भिंत, दुपारपासून तापते. तिची जोडीदारीण तळघरात. दिवाळीला बारोलोबरोबर याही दोघी उघडायच्या.

वर ठेवलेल्या बाटलीच्या मानेवर वाइनच्या पातळीपाशी शाईने बारीक रेघ मारली होती. सकाळी सातला पाहिली तेव्हा पातळी रेघेवर, दुपारी चारला रेघेच्या चार-पाच मिलिमीटर वर. द्रव तापला की फुगणारच. ७५० मिलिलिटर वाइन १० वरून ३० अंशांवर गेली तर तीन मिलिलिटरच्या वर वाढते. बाटलीच्या अरुंद मानेत एवढी वाढ म्हणजे सेंटिमीटरभर चढाव. बुचाखाली हवेची जागा मुळात थोडी, ती आणखी दाबली जाते, आणि वाइन बुचाच्या कडेने वर झिरपू पाहते. रात्री द्रव आकसला की तोच दाब उलटा होतो आणि बाहेरची हवा आत यायला वाट शोधते. एखाद्या दिवसाच्या उन्हाने बिघडत नाही. बूच रोज असं ढकललं-ओढलं गेलं की हळूहळू सैल पडतं, आणि मग त्याचा भरवसा राहत नाही.

वर दिवसरात्रीत दहा अंशांचा फरक. खाली आठवड्याचा फरक अर्ध्या अंशाच्या आत. आमच्या तळघराची खरी मिळकत ही.

२१ एप्रिल

इटलीत या प्रश्नावर नेटका प्रयोग झालेला आहे. त्रेंतिनो भागात सान मिकेले गावी एडमंड माख यांच्या नावाची शेती-संशोधन संस्था आहे. तिथले फुल्व्हिओ मात्तिव्ही आणि सहकारी यांनी सांजोव्हेजेच्या ४०० बाटल्या घेतल्या. निम्म्या १५ ते १७ अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या अंधाऱ्या तळघरात, निम्म्या साध्या घरात असतात तशा, २० ते २७ अंशांत. दोन वर्षं ठरावीक काळाने बाटल्या उघडून त्यातली रसायनं तपासत गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष छापला: घरातले सहा महिने म्हणजे तळघरातली जवळपास दोन वर्षं. साधारण चौपट वेग.

मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो की तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्या हिशोबाने इथे पावणेदोनपट निघायला हवा होता. चौपट निघाला, कारण बाटलीत एकच क्रिया चालत नसते. टॅनिन एकमेकांना आणि लाल रंगद्रव्याला धरून मोठाले रेणू करतात, जड झाले की गाळ होऊन खाली बसतात, तुरटपणा मवाळ होतो. ही हवीशी बाजू. त्याच वेळी राखणदार म्हणून घातलेला सल्फर डायऑक्साइड खर्च होत असतो, फुला-फळांच्या वासाचे नाजूक रेणू तुटत असतात. उष्णतेत प्रत्येकीचा वेग वेगवेगळ्या पटीने वाढतो, आणि नको त्या बऱ्याचदा पुढे पळतात. म्हणून गरम जागेत मुरलेली वाइन ही 'लवकर तयार झालेली तीच वाइन' नसते. तिची घडणच दुसरी होते.

त्या प्रयोगातलं गरम घर उन्हाळ्यात २७ ला पोचत होतं. आमच्या तळघराची वर्षाची सरासरी जवळपास तेवढी आहे.

१० मे, आखाजी

घागर भरली, पितरांना आंब्याचा रस झाला, पुरणपोळ्या झाल्या. गल्लीत लिंबाला झोके बांधलेत, माहेरवाशिणींची गाणी संध्याकाळपासून चालू आहेत. बाहेर पारा बेचाळीसच्या वर. तळघरात २७.५.

पण आजची कामाची नोंद ओल्या फडक्याच्या तापमापीची आहे. दुपारी तीनला ओसरीत साधा ४२ दाखवत होता तेव्हा ओला २२. वीस अंशांचं अंतर! खान्देशातला मे महिना कोरडा ठणठणीत, म्हणून हे होतं. माठ पाझरला की पाणी गार होतं ते याच्यावर, आणि जळगाव-धुळ्याच्या घराघरांतला कूलर चालतो तोही याच्यावर. म्हणजे ज्या महिन्यात गारव्याची सगळ्यात जास्त निकड, त्याच महिन्यात तो पाण्यातून काढता येतो.

शेतीवाल्यांना हे पाठ आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, वाळूवर पाणी: शून्य ऊर्जा शीतकक्ष. दिल्लीच्या पुसा संस्थेत तो घडवला गेला, आणि आपल्याकडे भाजी-फळं ठेवायला कृषी महाविद्यालयाची माणसं तो शिकवतात. मनात आलं, तळघराच्या कोपऱ्यात तसा चौथरा बांधावा. ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. तो पायऱ्या उतरून उभा राहिला, हात हवेत फिरवला आणि म्हणाला, "आप्पा, आठे वारा नही से. पानी वाळी कसं?"

अगदी बरोबर बोलला. पाणी उडायला कोरडी हवा सतत यायला हवी आणि ओली हवा बाहेर जायला हवी. कोंडलेल्या तळघरात वाळू भिजवली तर थोड्या वेळात हवा तृप्त होते आणि गारवा थांबतो. मग त्यानेच रस्ता काढला. चौथऱ्याचा नाद सोडला. झरोक्याला वाळ्याची जाड ताटी बसवली, वर भोकं पाडलेली नळी, खाली पत्र्याची पन्हळ, आणि आतल्या बाजूला हवा ओढणारा लहानसा पंखा. गरम हवा जायला जिन्याचं दार दोन बोटं उघडं.

संध्याकाळी सहाला आत २५.५. वाळ्याचा वास लोणच्याच्या वासावर चढला. आर्द्रता तिशीवरून साठीच्या पुढे गेली, तेही हवंच होतं. बूच बाहेरून फार वाळलं तर आकसतं. बाटली आडवी ठेवली की आतलं टोक ओलं राहतं, पण बाहेरच्या टोकाची काळजी हवेने घ्यायची असते.

२ जून

भाच्याने तुरिनच्या तळघराचे आकडे पाठवले. हिवाळ्यात ११, मागच्या ऑगस्टमध्ये २०. शेजारून गरम पाण्याचे नळ गेलेत, म्हणून त्यांचं तळघर जुन्या घरांइतकं गार नाही. इटलीत बहुतेक इमारतींत प्रत्येक घराला खाली एक कोठी मिळते. सायकली, रंगाचे डबे, आजोबांच्या बाटल्या, सगळं त्यातच.

१४ जुलै

वर्षातला सगळ्यात मोठा आकडा आज: २८.५. बाहेर पाऊस लागलाय, ओसरीत दुपारी ३०. मे महिन्याचं ऊन आत्ता कुठे खाली पोचतंय. आठ फूट मातीतून वर्षाची लाट उतरायला दीड-दोन महिने घेते आणि उतरताना निम्म्याहून जास्त बोथट होते. मेमध्ये पाण्याने झुंज दिली नसती तर आज तिशी ओलांडली असती.

आता वाळ्याच्या ताटीचा उपयोग शून्य. ओल्या आणि सुक्या तापमापीत दोन अंशांचंही अंतर नाही. झरोका बंद केला. पांझरेला पाणी आलंय, फरशीच्या सांध्यांतून ओल वर येते, आर्द्रता ८५. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर बुरशीचे ठिपके दिसले. त्यावर पारदर्शक कागद गुंडाळला. बुरशी चिठ्ठीची नासाडी करते, वाइनला हात लावत नाही.

कुणी विचारतं, फ्रिजमध्ये का नाही ठेवत? आठवडा-दोन आठवडे खुशाल ठेवावी. वर्षानुवर्षं नाही. चार-पाच अंशांत मुरणं जवळजवळ थांबतं, आणि फ्रिजमधली कोरडी हवा बूच सुकवते. वाइनसाठीचं खास कपाट मिळतं, चांगलं असतं. ज्याच्याकडे वीज अखंड आहे आणि ठेवायला महागाची वाइन आहे, त्याने ते जरूर घ्यावं. भर मेमध्ये चार तास वीज गेली की त्या कपाटाचं तापमान माझ्या तळघरापेक्षा भरभर चढतं, एवढं ध्यानात ठेवून.

११ ऑगस्ट

गल्लीत कानबाई बसली आहे. रोटांच्या पुऱ्यांची ताटं घरोघर फिरताहेत.

दुपारी भाच्याने पाठवलेली छायाचित्रं पाहत बसलो. कासाले मोंफेरातोच्या आसपासच्या गावांत घराच्या तळघराच्याही खाली आणखी एक खोली असते, तिला इन्फेर्नोत म्हणतात. पिएत्रा दा कांतोनी नावाच्या मऊ दगडात शेतकऱ्यांनी हिवाळ्यात, शेतीची कामं नसताना, छिन्नीने कोरलेली. ना उजेड, ना खिडकी. भिंतीतच कोनाडे, त्यात बाटल्या. लांगे, रोएरो आणि मोंफेरातोच्या द्राक्षभूमीला युनेस्कोने २०१४ मध्ये जागतिक वारशात घेतलं, त्यात ही इन्फेर्नोत आहेत, आणि कानेल्लीची भुयारी कोठारंही.

आपल्याकडे माल जमिनीखाली ठेवण्याचं शास्त्र कमी नव्हतं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. मातीच त्या जागेची अशी की भिंतीला ओल नाही, कीड नाही. पोती उतरवायची, तोंड बंद करायचं, हळद वर्षानुवर्षं टिकायची. उघडताना आधी कोंडलेला वायू जाऊ द्यायचा, मगच माणूस आत उतरायचा. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवं बुडवली. कोरीव कोनाड्यांना वारशाचा दर्जा मिळाला, पेवं मात्र पुरात गेली तेव्हा त्यांच्यासाठी फारसं कुणी हळहळलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. धाबं, बळद, पेव या सगळ्यांत मातीच्या जाडीचा जो हिशोब होता, तो मांडणारं एक चांगलं पुस्तक मराठीत व्हायला हवं.

२ सप्टेंबर, पोळा

एका जुन्या विद्यार्थ्याने 'सेत्ते' आणून दिली. ही आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. सेच्ची बंधू इटलीचे, सेखरी बंधू दिल्लीचे, मोहिते-पाटील बंधू अकलूजचे, आणि वाइन घडवणारे तोस्कानाचे पिएरो मासी. असे सातजण, म्हणून 'सेत्ते', आणि कंपनीचं नाव 'फ्रातेल्ली', म्हणजे भाऊ. सांजोव्हेजे आणि काबेर्ने सोव्हिन्यों यांचा मेळ. इटलीचं द्राक्ष माळशिरस तालुक्यात रुजलंय हे मला फार आनंदाचं वाटतं.

इटलीत द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात, पुढे थंडी येते आणि कोठारं आपोआप गार होतात. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरता गोडी छाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. नवी वाइन टाकीत-पिंपात पडते तोच उन्हाळा समोर. म्हणून नाशिक असो की अकलूज, आपल्या वाइनशाळांना पहिल्या दिवसापासून यंत्राचा गारवा लागतो. तो गारवा वाइनशाळेच्या फाटकापर्यंत असतो. पुढे टेंपो, गोदाम, दुकानातला काचेचा कप्पा. बाटली घरी येते तेव्हा तिने किती ऊन खाल्लंय ते सांगता येत नाही. विकत घेताना मी आधी बूच वर आलंय का ते वरच्या वेष्टनावरून बोट फिरवून पाहतो, मग मानेतली पातळी उजेडात धरतो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

अक्का आणि भाचा दहा दिवसांपासून इथेच आहेत. आल्या आल्याच त्याने तुरिनची बाटली उभी करून ठेवली होती, प्रवासात ढवळलेला गाळ बसावा म्हणून. माझीही तिच्या शेजारी उभी. ओवाळणी, जेवण आटोपल्यावर संध्याकाळी दोन्ही बाटल्या बादलीतल्या पाण्यात ठेवून १७ अंशांवर आणल्या.

आधी बाहेरून. तुरिनच्या बाटलीत पातळी मानेत, बुचाच्या जवळ. माझ्या बाटलीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खाली. बूच काढलं. तिच्या बुचाचं टोक तेवढं जांभळं. माझ्या बुचाच्या अंगाने डाग निम्म्याच्या वर चढलेला. पण बूच शाबूत, घट्ट.

२०१६ साल तिकडे नावाजलेलं आहे. कायद्याप्रमाणे बारोलो कापणीनंतरच्या नोव्हेंबरपासून ३८ महिने मुरवूनच बाजारात येतो, त्यातले किमान १८ महिने लाकडात. म्हणजे ही वाइन लवकरात लवकर जानेवारी २०२० ला बाहेर पडली. बारोलो ज्याचा होतो ते नेब्बियोलो द्राक्ष टॅनिनने आणि आम्लाने भरलेलं. दहा-पंधरा वर्षं ठेवायची वाइन ही.

पेले पांढऱ्या कापडावर तिरके धरले. तिकडची डाळिंबी, कडेला जेमतेम केशरी झाक. इकडची मधोमध डाळिंबी, पण कडेचा विटकरी पट्टा चांगला रुंद. तिकडचीला सुकल्या गुलाबाचा आणि मागून किंचित डांबराचा वास, बारोलोची ओळख असते तो. इकडचीला खारकेचा, सुक्या अंजिराचा, चामड्याचा. हिने दोन्ही पेले नुसते हुंगले आणि म्हणाली, "यात गुलाब आहे, यात गुलकंद." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. तोंडात तिकडची अजून हिरड्यांना धरते, तुरट, आंबट, लांब चालणारी. इकडची मऊ, गोलसर, आणि लवकर संपते.

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुमची आज प्यायला जास्त चांगली लागतेय. पण ही आता पुढे जाणार नाही." मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवसासाठी दोन्हींत थोडी ठेवली.

सांजोव्हेजेच्या जोडीबद्दल लिहायला थोडंच आहे. तळघरातली ठीक, पुष्कळ फळ शिल्लक. वरच्या कपाटातलीचं बूच सैल, रंग मंद तपकिरी, शिजल्याचा वास. एका उन्हाळ्यात. ती ओतून दिली.

४ नोव्हेंबर

रात्रभर उघड्या राहिलेल्या दोन्ही बाटल्यांतली तुरिनची आज कालच्यापेक्षा खुलली आहे. देवपूरची मिटली, वासात किंचित शिरक्याची धार आली. हवेशी झुंजायला हिच्यात फार काही उरलेलं नव्हतं.

१९ डिसेंबर

थंडी कडाक्याची. कृषी महाविद्यालयाचा किमान आकडा एकेरीत आलाय, गल्लीत पहाटे शेकोट्या पेटतात. आता वाटतं, खान्देशचा खरा गारवा या दोन महिन्यांत आहे आणि आपण तो दार-खिडक्या लावून बाहेर ठेवतो. वाळ्याची ताटी काढली. रात्री दहाला झरोका आणि जिन्याचं दार उघडायचं, पंखा लावायचा. सकाळी सातला सगळं बंद, झरोक्यावर गोधडी. दगडी भिंती आणि त्यांच्यामागची माती रात्रीची थंडी पिते आणि दिवसा सोडत नाही. हळूहळू तळघर २४ वरून २० वर आलंय. बाटल्यांना धक्का बसू नये म्हणून एका रात्रीत अर्ध्या अंशापेक्षा जास्त उतरू देत नाही, पंखा त्या बेताने फिरवतो. महाशिवरात्रीपर्यंत हे चालेल. भिंत जितकी गार होऊन मार्चमध्ये शिरेल, तितका जुलैचा आकडा खाली येईल.

भाच्याला लिहून पाठवलं: बारोलो, ब्रुनेल्लो अशा मुरवायच्या वाइन तिकडेच राहू दे, तुझ्या तळघरातल्या गरम नळांपासून जेवढ्या लांब ठेवता येतील तेवढ्या लांब. इकडे येताना बार्बेरा आण, दोल्चेत्तो आण, ज्यांना लांब मुरायची गरजच नाही. इथे उरलेल्या बारोलोपैकी सगळ्यात आधी आलेली येत्या आखाजीच्या आत उघडतो. बाकीच्या आणखी एक पावसाळा ठेवतो, या वर्षीच्या थंडीने त्यांना किती हात दिला ते पाहायला.

त्याचं उत्तर आलं: नळांना त्याने कापसाचं वेष्टन बांधलं, तळघर दोन अंशांनी उतरलं.